मामा थोपटत नाहीत

माझ्या धंद्याला मराठीत धड शब्द नाही, आणि आमच्या आईला त्याचं फार बरं वाटतं. कुणी विचारलं की ती सांगते, "धाकटा मॅटच्या लाइनमध्ये आहे." ऐकणारा समजतो चटया, गालिचे, पायपुसणी. इथं कानडी मुलखात, मल्लेश्वरममध्ये, आमचं अस्तर आणि बटणांचं जुनं दुकान आहे, त्यामुळे घरातल्या एकानं पायपुसण्यांत हात घातला असेल हे कुणालाही पटतं. खरं म्हणजे मी जाळीच्या पिंजऱ्यात उतरून माणसांचे गळे आवळायचो. अगदी रीतसर, पंच शेजारी उभा करून.

मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये ठोसे, लाथा, कुस्ती, सगळं चालतं. ठोशांत मी यथातथाच होतो. माझा ठोसा खाऊन एकानं मला "आर यू ओके?" असं विचारलं होतं. पण एकदा का मी माणसाच्या पाठीशी गेलो आणि माझा हात त्याच्या हनुवटीखालून पलीकडे पोचला, की खेळ संपला. समोरच्यानं अंगावर दोनदा थोपटायचं, म्हणजे हरलो, सोडा. थोपटलं नाही तर तो काही क्षणांत झोपी जातो आणि मग पंच त्याला माझ्यातून सोडवतो. माझ्या जवळजवळ सगळ्या लढती मी अशाच जिंकलो. म्हणून आयोजकांनी पोस्टरवर माझ्या फोटोमागे फणा काढलेला नाग छापला. आईनं ते पोस्टर घरी आणलं आणि नागपंचमीला त्यावरच्या नागाला हळदकुंकू वाहिलं. माझ्या तोंडावर लाह्या पडल्या होत्या.

लग्नाचं वय उलटून चाललं तेव्हा मात्र मॅटच्या लाइनचं सोंग टिकेना. मुलीकडचे नाव टाकून फोनवर शोधायचे आणि त्यांना मी कुणाच्या तरी मानेला लटकलेला दिसायचो. शिवाय माझे कान मोडलेले आहेत, जुन्या पैलवानांचे असतात तसे. आईनं त्यावर उपाय म्हणून फोटोग्राफरकडे नेऊन मला फेटा बांधला आणि तो कानांवरून इतका खाली ओढला की फोटोत मी ठार बहिरा दिसतो. त्या फोटोवर स्थळं यायची आणि कान दिसले की जायची.

एक स्थळ मात्र कान कळूनही टिकलं. मुलगी पुण्याची, पण नोकरी आमच्याच शहरात, महादेवपुऱ्यात आयटीत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायचा तिला पगार मिळे. आईवडील ती शाळेत असतानाच गेलेले, मामा-मामींनी वाढवलेली. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हा मामा पुण्याचं घर बंद करून भाचीकडे राहायला आले होते. तेच एकटे वडीलधारे, म्हणजे होकार-नकार सगळा त्यांच्या हातात.

आम्ही दोघं मायलेक त्यांच्या फ्लॅटवर गेलो. पोहे आले. ती समोर बसली आणि माझ्या कानांकडे सरळ बघत म्हणाली, "फोटोत तू कुणीतरी बांधून ठेवल्यासारखा दिसतोस." मला ती तिथल्या तिथं आवडली. पोह्यांत मीठ जरा जास्त होतं, तेही आवडलं.

मामा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, आणि कुठलीही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची सवय. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला गायला सांगतात, चालून दाखवायला सांगतात असं मी आजीकडून ऐकलं होतं. इथं परीक्षा माझी निघाली.

"म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तोंडी नको. दाखवा."

आईनं मला चिमटा काढला. "पुट्टा, बेडा," ती पुटपुटली. पुट्टा म्हणजे बाळ आणि बेडा म्हणजे नको. आमच्या घरात जवळचं बोलायचं तेवढं कानडीत होतं. मी नाही-होय केलं, पण मामा तोवर सोफा सोडून सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेवटी मी त्यांच्या मागे बसलो. "जरा दाब जाणवला की माझ्या हातावर थोपटा," मी सांगितलं, आणि हात अलगद लावला. मला वाटलं, लगेच थोपटतील. सगळेच नवखे थोपटतात, काही तर हात लागायच्या आधीच. मामांनी थोपटलं नाही. त्यांची मान माझ्या हातात एकदम जड झाली.

मी तत्क्षणी सोडलं, त्यांना आडवं केलं, पाय वर धरले. त्यांची भाची धावत आली. आई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अय्यो देवा, स्थळ गेलं!"

माणूस गेला असंही वाटलं असेल तिला, पण आधी स्थळ.

काही क्षणांनी मामांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि "आलो, आलो," म्हणाले. मग आम्हां तिघांकडे बघितलं, उठून बसले, सदरा खाली ओढला आणि म्हणाले, "हं, लावा की मग. बसलात काय?"

आपण झोपलो होतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. असं होतं. पिंजऱ्यातही कित्येक जण शुद्धीवर येऊन पंचाशी भांडतात की लढत थांबवली कशाला. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिनं मामांच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. आईनं उरलेले पोहे संपवले. निघताना मामा म्हणाले, "आज काही जमलं नाही तुम्हाला. पुन्हा एकदा दाखवा, मग बोलू."

मला संताप आला. अस्सल पुणेरी हट्ट, दुसरं काय! एका निवृत्त माणसाला आपली मान किती टणक आहे हे सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी माझं लग्न टांगून ठेवायचं होतं.

त्यानंतर मामांनी माझा पिच्छा पुरवला. महादेवपुऱ्यातल्या एका इमारतीच्या तळघरात मी सकाळी शिकवत असे. येणारे बहुतेक आयटीतले, पुण्या-नागपूरकडचे, खुर्चीत बसून पाठ आखडलेले. तिथं एका सकाळी मामा ट्रॅकसूट घालून हजर. "विद्यार्थी म्हणून आलोय," म्हणाले. नाही कसं म्हणणार? सासरेबुवाच ते, व्हायचे होते तरी.

पहिल्याच दिवशी नागपूरचा एक पोरगेला इंजिनिअर माझ्याकडे घाम पुसत आला. "सर, अंकल टॅपच करत नाहीयेत. मी थोडं प्रेशर दिलं तर म्हणतात, नाश्ता नाही का केलास? मला नाही हे रिस्क घ्यायचं सर, माझं अप्रेझल आहे पुढच्या आठवड्यात."

मामा एकेकाला गाठायचे, त्याच्यापुढे पाठ करून बसायचे आणि म्हणायचे, "दाबा हो, नीट दाबा." कुणी धजेना. भिंतीवर इंग्रजीत आणि कानडीत पाटी होती, थोपटण्यात लाज नाही अशी. मामांसाठी मी ती मराठीतही लिहून लावली. मामांनी ती वाचली आणि म्हणाले, "लाज कुणाला वाटतेय?" मी हे बोलणंही उद्धटपणात जमा केलं. मग नियम काढला, जो थोपटत नाही त्याला मॅटवर पाय ठेवता येणार नाही. मामांना मी खुर्ची दिली, शिट्टी दिली आणि वेळ सांगायच्या कामाला बसवलं. ते शिट्टी वाजवायचे आणि माझ्याकडे रोखून बघायचे.

इकडे ती आणि मी भेटत होतो. कॉफी प्यायला, मग भाजी घ्यायला, मग काहीच घ्यायचं नसताना. ती माझ्या लढतींचे व्हिडिओ बघून चुका काढायची. "इथं तुझा डावा पाय झोपलाय," असं ती म्हणायची आणि तो खरंच झोपलेला असायचा. मी तिच्या प्रेमात पडलो होतो, त्यात आडपडदा कशाला.

"मामा स्वतः मला मांडवात घेऊन आला तरच मी येणार," तिनं एकदा स्पष्ट सांगितलं. "तो खुशीनं आला पाहिजे. नाहीतर नाही. हे आधीच सांगून ठेवते."

"आणि त्यांचा हा हट्ट?"

"मलाही कळत नाही त्याचं काय चाललंय. मामी गेल्यापासून तो कशावर बोलतच नाही. तिचं नाव काढलं की चॅनेल बदलतो. तूच बघ काय ते."

बघ म्हणजे काय बघू? त्या वयाच्या माणसाला चुकून झोपवणं वेगळं आणि मुद्दाम झोपवणं वेगळं. मी टाळत राहिलो. तेवढ्यात होसकोट्याला लढत लागली. तीच माझी शेवटची ठरली, पण तेव्हा ते माहीत नव्हतं. औद्योगिक वसाहतीतली एक रिकामी शेड, मधे पिंजरा, भोवती प्लास्टिकच्या खुर्च्या, बाहेर ऊन. रविवारची दुपार. ती ऑफिसच्या कामात अडकली होती. मामा मात्र म्हणाले, "मी येणार," आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

समोरचा कोलारकडचा होता, माझ्यापेक्षा तरुण आणि ताकदवान. त्यानं आधी मला चांगलाच बुकलला. मग कधीतरी तो वळला, मी पाठीशी गेलो, हात गेला. पोरगं मानी होतं, थोपटेना. झोपलं. पंचानं सोडवलं, डॉक्टर आत आले, त्याला शुद्ध आली, टाळ्या पडल्या. पंचानं माझा हात वर केला तेव्हा मी पहिल्या रांगेकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती.

मामा मला मागच्या बोळात सापडले. कोलारचा पोरगा बाकावर डोक्याला बर्फ लावून बसला होता आणि मामा त्याच्या पुढ्यात उकिडवे बसून त्याचे दोन्ही गुडघे धरून विचारत होते, "बेटा, क्या दिखा? कौन आया था?"

"यारू अंकल नीवु?" पोरगा घाबरला होता. हे कोण काका, हे त्याला कळेना.

"अरे, सो गया था ना तू? तब कौन आया था?"

पोरग्यानं खूप विचार केला. "बस आई थी, अंकल."

"बस? हां, हां! बस में कौन था?"

"कोई नहीं. खाली थी."

मामांचा चेहरा असा पडला की हरलेला त्या दोघांतला कोण, ते सांगता आलं नसतं. ते हळूहळू उठले. त्या पोरानंच त्यांना कोपराला धरून आधार दिला.

परतताना रस्त्याकडेच्या एका हॉटेलात मी गाडी थांबवली. माझा ओठ फुटलेला, चहा झोंबत होता. मी काही विचारायच्या आधी मामाच बोलले, समोरच्या रस्त्याकडे बघत.

"त्या दिवशी मी झोपलो होतो हे मला ठाऊक आहे. मी काय खुळा आहे?"

मी कप खाली ठेवला.

"ती आली होती. स्वयंपाकघरातून, पदराला हात पुसत. म्हणाली, अहो, चहा गार होतोय, किती बोलता. एवढंच." मामांनी चहा बशीत ओतला. "दोन वर्षं झाली. एकदा स्वप्नात आली नाही हो. एकदासुद्धा नाही. मुळात झोपच कुठं लागते धड! आमच्या पुण्याच्या शेजाऱ्यांच्या स्वप्नात आली. त्यांनी फोन करून सांगितलं मला. वहिनी आल्या होत्या, छान दिसत होत्या म्हणे. त्यांच्या! ज्यांच्याशी तिचं आयुष्यभर नळावरून भांडण होतं! आणि माझ्या नाही."

मला हसू आलं आणि तेवढ्यानं फुटका ओठ पुन्हा उलला. रागावत होतो मी या माणसावर इतके दिवस, आणि हा बिचारा बायकोच्या भेटीसाठी शिट्टी वाजवत बसला होता.

"एकदाच लावा," मामा म्हणाले. "आजच लावा. संध्याकाळी तुमच्या आईला फोन करतो, तारीख काढतो. माझा होकार धरून चाला."

खोटं कशाला सांगू, मी त्यांच्या मानेकडे बघितलं. बारीक मान, वर सैल कातडी. काही क्षणांचं काम होतं. कुणाला कळलं नसतं, ते खूश, आई खूश, ती माझी. आणि मी म्हणालो, "नाही."

"का नाही?"

"तुमचं वय आहे मामा. पुढच्या खेपेला डोळे उघडले नाहीत तर मी तिला काय सांगू? आणि उघडले, पण मामी आल्या नाहीत, तर? मग तिसऱ्यांदा मागाल. त्या पोराला बघितलंत ना, रिकामी बस आली. मी गळे आवळतो, माणसं भेटवत नाही." माझा आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

मामांनी चहा संपवला, बशी कपाखाली नीट ठेवली. "मग आमचंही नाही समजा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. लपवून काय उरणार होतं? स्थळ गेलेलंच होतं. ती ऐकता ऐकता रडायला लागली, भर कॉफी हाउसमध्ये, वेटर पाणी घेऊन येऊन तसाच परत गेला. "मला वाटायचं त्याला काही वाटतच नाही," ती म्हणाली. "मी चिडायचे रे त्याच्यावर. मामी माझीही होती." आणि कॉफी तशीच टाकून घरी गेली.

घरी काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिनं टीव्ही बंद केला, रिमोट स्वतःच्या ओढणीत गुंडाळला आणि मामांसमोर बसून एकच विचारलं, "कुठलं पातळ नेसली होती?" मामांनी आधी रिमोट परत मागितला. मग म्हणाले, निळं. ती म्हणाली, निळं कुठलं, काठाचं की बिनकाठाचं? त्यावरून दोघांचं भांडण झालं, मग कपाट उघडलं गेलं, मग दोघं जमिनीवर बसून जेवायची वेळ टळेपर्यंत मामींबद्दल बोलत राहिले. नळावरच्या भांडणापासून सगळं.

त्या आठवड्याच्या शेवटी मामांचा आमच्या आईला फोन आला. "तुमचा मुलगा हट्टी आहे," ते म्हणाले. "मला अजिबात पसंत नाही. पण हिला तोच हवाय, आणि हिच्याशी मी अलीकडेच बोलायला लागलोय, ते मोडायचं नाही. तारीख काढा." आई फोन ठेवून देवापुढे गेली आणि मग मला म्हणाली, "पुट्टा, लग्नापर्यंत कुणाच्या गळ्याला हात लावू नकोस."

लग्न मल्लेश्वरममधल्या एका लहान कार्यालयात झालं. मी मुंडावळ्या बांधून पाटावर उभा, समोर दोघांनी अंतरपाट धरलेला, भटजींनी पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" कुणी आलं नाही. पुन्हा पुकारा झाला. मग आतून माझी वहिनी पळत आली, तोंड पांढरं पडलेलं. "मामा उठत नाहीयेत. खुर्चीत बसलेत आणि उठत नाहीयेत."

मी पाटावरून उडी मारली. भटजी ओरडले, नवरीचं तोंड दिसता कामा नये, म्हणून अंतरपाट धरणारे दोघंही कापड ताणून माझ्याबरोबर पळाले. असा आमचा ताफा वधूपक्षाच्या खोलीत शिरला. कापडाच्या त्या बाजूला ती होती, तिचा नुसता श्वास ऐकू येत होता. या बाजूला खुर्चीत मामा, डोक्याला केशरी फेटा, मान एका खांद्यावर, तोंड उघडं.

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. एवढ्या मंडळींत बँकवाले होते, दुकानदार होते, इंजिनिअर तर खंडीभर होते, पण माणूस झोपलाय की गेलाय हे ओळखण्यात हयात घालवलेला मी एकटाच. मी गुडघ्यांवर बसलो. मानेवर बोटं ठेवली. नाडी संथ, भरदार. श्वास खोल, पोटापर्यंत. हात उचलून सोडला तर त्यांनी तो झोपेतच छातीशी ओढून घेतला.

"झोपलेत," मी म्हणालो. माझा आवाज फाटला. "नुसते झोपलेत. साधी झोप आहे."

कापडापलीकडून ती म्हणाली, "उठवू नका त्याला."

"अम्मा, मुहूर्त टळतोय, स्वल्प बेगा," भटजींनी आईला सांगितलं, म्हणजे जरा लवकर. मला वाटलं, आता आई मामांना गदागदा हलवणार. माझ्या लग्नासाठी तिनं माझे कान लपवले होते, इथं काय मागे राहते! पण आई दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून. "सरी, बरंय, टळू दे," ती म्हणाली. "दोन वर्षांत झोपलेला नाही तो माणूस. दुसरा मुहूर्त काढा."

बाहेर बँडवाल्यांना गप्प केलं. पंगत आधी बसवली. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले तेव्हा माणसं बदलली. मी जमिनीवर बसून राहिलो, कापडाच्या खालून तिची मेंदीची पावलं दिसत होती आणि वर मामा संथ घोरत होते. मध्येच त्यांचे ओठ हलले. आम्ही सगळे पुढे वाकलो. काही ऐकू आलं नाही.

मग त्यांनी डोळे उघडले, भोवतीची गर्दी बघितली आणि दचकले. "काय झालं? कोण गेलं?"

"मामा," ती कापडाआडून म्हणाली, "आली होती?"

मामांनी आठवून बघितलं.

"नाही गं," ते म्हणाले. "कुणीच नव्हतं." त्यांनी दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला, फेटा सारखा केला. "पण झोप काय गाढ लागली! किती वाजले? मुहूर्त घालवलात की काय गाढवांनो?"

आणि खुर्चीचा हात धरून ते स्वतःच उठले, कापडाच्या त्या बाजूला गेले आणि म्हणाले, "चल, पोरी."